पेवातला हॉबिट

यंदाच्या वाढदिवसाला लेकीने मला ‘द हॉबिट’ दिलं. जे. आर. आर. टॉल्किनने स्वतः काढलेली चित्रं, रेखाटनं आणि नकाशे एकत्र घालून २०२३ साली हार्परकॉलिन्सने काढलेली ही आवृत्ती. पुस्तक हातात घेतलं, दोन-चार पानं उलटली, आणि ते तसंच टेबलावर ठेवून मी आतल्या कपाटाकडे गेले. साड्यांच्या मागे एका पिशवीत माझा जुना ‘हॉबिट’ आहे. तो काढून आणला आणि दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली.

जुन्या पुस्तकाला मुखपृष्ठ नाही. सुरुवातीची काही पानं नाहीत, नकाशा तर नाहीच. मामाने ते मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणलं तेव्हाच ते तसं होतं. पानं सुटायला लागल्यावर आजोबांनी दाभणाने शिवून, खारव्याचं लाल कापड लावून ते दुकानातल्या चोपडीसारखं बांधून दिलं. आजोबा सांगलीत एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या हातून कुठलीही वही बांधली की तिची चोपडीच व्हायची.

१९८८ च्या मे महिन्यात, सातवीची परीक्षा देऊन मी आजोळी हरिपूरला गेले होते, तेव्हा हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं. ‘वाचलं’ हा शब्द जरा सैल वापरते आहे. आमची शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. दर ओळीत दोन-तीन शब्द अडायचे. मामा म्हणाला, “डिक्शनरी घेऊन बस.” दोन दिवस बसले. मग डिक्शनरी ठेवून दिली आणि तशीच पुढे निघाले. गोष्ट इतकी ओढत होती की प्रत्येक शब्दाशी थांबणं परवडत नव्हतं.

न कळलेल्या शब्दांच्या जागी काय आलं, हे मला आत्ता, वयाच्या पन्नाशीत, ही चित्रांची प्रत बघताना कळलं. तिथे हरिपूर आलं होतं.

पहिलंच वाक्य घ्या. जमिनीतल्या एका बिळात एक हॉबिट राहत होता. टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. सुट्टीत शालेय परीक्षेचे पेपर तपासताना कुणा विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं एक पान समोर आलं आणि त्यावर त्यांनी हे वाक्य लिहून ठेवलं. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचा एक जीव, हे पुढे ठरलं; तेव्हा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचला. त्या मे महिन्यात मला हॉबिट माहीत नव्हता, पण जमिनीतलं बीळ चांगलंच माहीत होतं. आमच्या घरामागे दहा पावलांवर ते होतं. त्याला पेव म्हणतात.

हरिपूर सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे. इथली जमीन अशी की खोल खड्डा खणला तरी तो आतून कोरडा राहतो, ढासळत नाही. म्हणून सांगलीच्या बाजारातली हळद साठवायला इथे पिढ्यान् पिढ्या पेवं खणली गेली. वर माणूस जेमतेम आत शिरेल एवढं गोल तोंड, खाली रुंद होत गेलेलं पोट, खोली वीस-पंचवीस फूट. आत हळद भरायची, तोंडावर दगड ठेवायचा, वरून माती लिंपायची. हवा बंद झाली की आत किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तेवत राहिला तर हमाल उतरायचा.

तो कंदील खाली जाताना आम्ही मुलं पोटावर पडून बघायचो. उजेडाचं एक वर्तुळ भिंतीवरून खाली खाली जायचं आणि भिंत पिवळी दिसत जायची. तळाशी पोचल्यावर तो इवलासा दिवा आणि त्याच्याभोवती सोन्यासारखा उजेड. आणि खालून येणारा तो वास. हळदीचा वास सगळ्यांना माहीत असतो, पण बंद पेवातून पहिल्यांदा बाहेर येणारा वास वेगळा. उग्र, कोमट, थोडा मातीचा.

तर टॉल्किन पहिल्याच परिच्छेदात सांगतात की हे बीळ घाणेरडं, ओलं, किडे वळवळणारं नव्हतं. मी मान डोलावली. बरोबर, पेवात किडे नसतातच. पुढे लिहिलंय, दार अगदी गोल. पेवाचं तोंड गोलच असतं. त्यापुढचं दालन, लाकडी तक्तपोशी, फरशी, गालिचा, टोप्या अडकवायच्या खुंट्या हे सगळं बहुधा अडलेल्या शब्दांत वाहून गेलं. बिल्बोचं, म्हणजे त्या हॉबिटचं, बीळ टेकडीच्या पोटात आडवं शिरतं. माझं सरळ खाली गेलं. पहिल्या प्रकरणात ड्रॅगनने बळकावलेला आपला खजिना परत मिळवायला निघालेले बुटके एकामागून एक येतात आणि शेवटचे चौघं दारातून एकावर एक कोसळतात, सगळ्यांत खाली थोरिन, त्यांचा मानी पुढारी. दारातून आत येताना माणसं अशी ढिगाऱ्यासारखी का पडतील, हा प्रश्न मला पडलाच नाही. पेवात दोर सुटला तर दुसरं काय होणार?

नव्या पुस्तकात टॉल्किनने काढलेलं बिल्बोच्या घराचं आतलं चित्र आहे. दालन, खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, आणि उघड्या गोल दारातून दिसणारी बाहेरची मोकळी हवा. सुंदर चित्र आहे. ते बघून मी खरोखर दचकले. बाहेर जायला दोर लागत नाही! बिल्बो नुसता चालत दारातून बाहेर पडू शकतो! पस्तीस वर्षं माझा बिल्बो दर वेळी दोर धरून वर चढत होता.

या पुस्तकाच्या जन्माशी एका दहा वर्षांच्या मुलाचा अभिप्राय जोडलेला आहे. १९३६ साली प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी टंकलिखित प्रत आपल्या मुलाला, रेनरला वाचायला दिली. अभिप्रायाचा मोबदला एक शिलिंग. रेनरने गोष्ट थोडक्यात सांगून शेवटी लिहिलं की नकाशे असले की या पुस्तकाला चित्रांची गरज नाही, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल. पुस्तक २१ सप्टेंबर १९३७ ला निघालं, पहिली आवृत्ती १५०० प्रतींची. नकाशे होते आणि टॉल्किनची काळी-पांढरी चित्रंही होती. रंगीत चित्रं थोड्याच काळात पुढच्या छपाईत आणि अमेरिकन आवृत्तीत आली. म्हणजे रेनरचं चित्रांपुरतं कुणी ऐकलं नाही. नकळत ऐकलं ते मी, हरिपूरच्या ओसरीवर, आणि माझ्याकडे तर नकाशेही नव्हते.

मुलांना गोष्टीतलं सगळं किती नेमकं दिसत असतं, याचा एक पुरावा टॉल्किनच्या घरातलाच आहे. ही गोष्ट ते आपल्या मुलांना सांगायचे. लहानगा क्रिस्टोफर मध्येच थांबवायचा. मागच्या वेळी बिल्बोचं दार निळं होतं, आता हिरवं कसं? थोरिनच्या टोपीचा गोंडा सोन्याचा होता, आता चांदीचा कसा? वडील चिडून उठले आणि टिपून ठेवायला गेले. त्या मुलाच्या डोक्यात दार उभं होतं, रंगासकट. ऐकलेल्या गोष्टीतलं घर मूल एकदा बांधतं आणि मग त्याची एकही वीट कुणाला हलवू देत नाही. पुढे याच क्रिस्टोफरने वडिलांच्या अप्रकाशित लेखनाचं संपादन करण्यात आयुष्य घातलं.

पाचव्या प्रकरणात बिल्बो डोंगराखालच्या काळोखात एका तळ्याकाठी पोचतो आणि त्याला गॉलम भेटतो. दोघं कोडी घालतात. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार, जिंकला तर बाहेरची वाट दाखवणार. या प्रकरणात मला डिक्शनरीची आठवणही झाली नाही, कारण कोड्यांचा खेळ आमच्याकडे रोज रात्री अंगणात चालायचा. बिल्बोचं एक कोडं असं की लाल टेकडीवर तीस पांढरे घोडे, आधी चघळतात, मग टापा आपटतात, मग उभे राहतात. उत्तर दात. मला ते वाचता वाचताच सुटलं, कारण आजी घालायची ते तिथून फार लांब नव्हतं. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.’ उत्तर जीभ. मी ओरडतच स्वयंपाकघरात गेले. आजी भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांचे दोन दात पडले होते वाटतं.” आजही ते कोडं वाचताना मला भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येतो.

माझा गॉलम प्रचंड होता. काळ्या पाण्याच्या काठी बसलेला, पेवाच्या पोटाएवढा, दोन फिकट डोळे कंदिलासारखे. नव्या पुस्तकात वाचायला लागले तर तिथे स्पष्ट लिहिलेलं की गॉलम हा एक लहानसा, बुळबुळीत जीव. लहानसा? हा शब्द मी कशी विसरले? जुनं पुस्तक उघडलं, तेच पान काढलं. शब्द तिथे नाहीच. दोन पुस्तकं मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळ बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

याचा उलगडा असा की सुरुवातीच्या आवृत्त्यांत टॉल्किनने गॉलमचं आकारमान सांगितलंच नव्हतं. १९६२ साली स्वीडिश भाषांतर निघालं. त्याची चित्रं मुलांच्या ‘मूमिन’ गोष्टींच्या निर्मात्या टोवे यान्सन यांची. त्यांनी गॉलम काढला तो राक्षसाएवढा, बिल्बो त्याच्यासमोर चिमुरडा. पुढे १९६६ च्या सुधारित आवृत्तीत टॉल्किनने तो ‘लहानसा’ शब्द घातला. माझी फुटपाथवरची प्रत त्याआधीच्या मजकुराची होती. मला वाईट वाटायला हवं होतं की माझा गॉलम चुकीचा ठरला. पण मला इतका आनंद झाला! फिनलंडमधली एक थोर चित्रकार आणि हरिपूरची एक सातवीतली मुलगी यांना त्याच न लिहिलेल्या शब्दातून तोच गॉलम दिसला होता.

आता स्माउग. पर्वताच्या पोटात सोन्याच्या राशीवर झोपलेला लालसर सोनेरी ड्रॅगन. टॉल्किनचं हे चित्र या आवृत्तीतलं सगळ्यांत प्रसिद्ध असावं. नाणी, पेले, रत्नं यांचा पिवळाधमक डोंगर, त्यावर वेटोळं घातलेला स्माउग, पुढे लेख कोरलेला एक मोठा रांजण, आणि कोपऱ्यात वाकून नमस्कार करणारा बिल्बो. वाटेत सापडलेल्या जादूच्या अंगठीमुळे तो अदृश्य आहे हे दाखवायला त्याच्याभोवती धुक्याचा एक पांढुरका फुगा काढलाय. टॉल्किनला स्वतःलाच हा बिल्बो पटला नव्हता. अमेरिकन प्रकाशकांना १९३८ साली लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की तो नको तिथे जाड झालाय आणि आकाराने फारच मोठा आहे. ज्याने हॉबिट निर्माण केला, त्यालाच तो कागदावर नीट उतरवता आला नाही. मला हे पत्र फार आवडतं.

माझी रास हळदीची होती. आजोबांबरोबर मी मार्केट यार्डात जायचे. सौद्याच्या दिवशी हळकुंडांचे ढीग एका ओळीत लागलेले. हमाल डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, पापण्यासुद्धा पिवळ्या. शेजारच्या शेडमध्ये हळद पॉलिश करायचा ड्रम गरगरत असायचा. आत हळकुंडं आपटत, घासत राहायची आणि त्याचा खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज छातीत जाणवायचा. बिल्बो बोगद्यातून एकटा खाली जातो तेव्हा त्याला आधी ड्रॅगनचा आवाज ऐकू येतो, चुलीवर उकळणाऱ्या भल्या मोठ्या भांड्यासारखा, आणि त्यात एखाद्या अजस्र बोक्याची गुरगुर मिसळलेली. तो आवाज मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्माउग झोपेत तसाच घुमत होता. आणि त्याच्या पोटाला चिकटलेली रत्नं म्हणजे अर्थातच हमालांच्या अंगावर घामाने चिकटलेली हळद.

मला वाटायचं की माझी ही समजूत म्हणजे अडाणीपणा. कॉलेजात कुणी हॉबिटबद्दल बोलायला लागलं की मी गप्प बसायचे, पेवाबद्दल कधीच बोलले नाही. मग सिनेमे आले, त्यातलं घर, ड्रॅगन, सगळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच झालं. अ‍ॅलन ली यांची १९९७ ची चित्रांची आवृत्ती मी एका मैत्रिणीकडे पाहिली होती. धुरकट जलरंग, पेन्सिलीची कोवळी रेघ, अतिशय देखणं काम. पण तेव्हा मी ती भराभर चाळून परत दिली. भीती वाटली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. इतकी चांगली चित्रं एकदा आत गेली की माझी बाहेर पडतील, असं वाटलं होतं.

टॉल्किनच्या चित्रांशी मात्र तसं झालं नाही, आणि त्याचं कारण बहुधा त्यांच्या त्या उणिवेतच आहे. त्यांना माणसं काढता येत नसत. म्हणून ते जागा काढतात. दरी, नदी, झाडांची रांग, डोंगर, घराकडे जाणारी वाट. गोष्टीतल्या रिव्हेंडेल या जागेच्या चित्रात उंच कड्यांच्या मधली दरी आहे, खाली झाडांत एकच घर आणि सगळीकडे शांतता. १९११ साली, एकोणिसाव्या वर्षी ते स्वित्झर्लंडमध्ये पायी हिंडले होते, तिथली लाउटरब्रुननची दरी या चित्राच्या मागे आहे. दुसऱ्या एका चित्रात बिल्बोला पहाटे जाग येते आणि समोर गरुड उभा असतो. तो गरुड त्यांनी आर्चिबाल्ड थॉर्बर्न यांनी एका पक्ष्यांच्या ग्रंथासाठी काढलेल्या सोनेरी गरुडावरून घेतला. म्हणजे त्यांच्या काल्पनिक देशातसुद्धा पाहिलेली दरी आणि पुस्तकातला पक्षीच आले होते. माझ्या पेवाची मला वाटणारी लाज हे वाचल्यावर गेली.

एक गोष्ट त्यांना करायची होती आणि झाली नाही, ती मला चटका लावते. थोरिनच्या आजोबांच्या, थ्रोरच्या नकाशावर चंद्राच्या उजेडातच दिसणारी अक्षरं आहेत. टॉल्किनला ती पानाच्या मागच्या बाजूला छापून हवी होती, म्हणजे वाचणाऱ्याने कागद उजेडाकडे धरला की ती उमटावीत. प्रकाशकांनी तसं केलं नाही, अक्षरं पुढेच छापली. वेष्टनावरचा सूर्य त्यांना लाल हवा होता, तो रंग खर्चासाठी गेला. लेखकाच्या डोळ्यांसमोर पुस्तक जसं होतं, तसं तेही कुणाच्या हातात पडलेलं नाही.

शेवटच्या प्रकरणाबद्दल लिहायला मी टाळते आहे. लहानपणी ते मला कंटाळवाणं वाटलं होतं. ड्रॅगन मेला, लढाई झाली, आता हा घरी जातो, संपलं. यावेळी ते वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. बिल्बो वर्षभराने परत येतो तर त्याच्या दारात गर्दी. त्याला मेलेला समजून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. लोक चटयांवर पाय न पुसता आत-बाहेर करत असतात. त्याला आपल्याच वस्तू पैसे देऊन परत घ्याव्या लागतात, आणि चांदीचे बरेच चमचे तर कधीच मिळत नाहीत.

२००५ च्या महापुरात हरिपूरला पाणी आलं. घरामागच्या पेवात पाणी शिरलं. एकदा आत पाणी गेलं की पेव पेव राहत नाही. कोरडेपणा हेच त्याचं सगळं भांडवल. मी गेले तेव्हा पाणी ओसरून महिना झाला होता. तोंडावरचा दगड कुठेतरी वाहून गेला होता. पोटावर पडून आत पाहिलं, तर खाली काळं, स्थिर पाणी. कंदील नव्हता, मोबाइलचा उजेड तिथवर पोचेना. पुढे ते दगडमातीने भरून टाकलं. आजी-आजोबा त्याआधीच गेले होते. मग घरही विकलं. सामान वाटून घेतलं तेव्हा मी फक्त परात मागितली, भाकऱ्यांची. ती मावशीकडे गेली होती. तिने ती आनंदाने दिली, हे सांगायला हवं.

तिथे आता काय आहे, ते मी बघायला गेलेले नाही. पण ‘हॉबिट’चं पहिलं पान उघडलं की गोल तोंड तिथेच असतं, दोर असतो, आणि कंदील खाली जायला लागतो.

लेक माझ्याशेजारी बसून दोन्ही पुस्तकं चाळत होती. बाराव्या प्रकरणाशी, स्माउगच्या पानावर, जुन्या पुस्तकात समासात एक पिवळा डाग आहे. अंगठ्याचा. रेषा दिसतात.

“आई, हा कशाचा गं?”

“हळदीचा.”

“कशावरून? कागद जुना झाला की पिवळा पडतोच.”

ती उठून बेसिनकडे गेली, कापसाच्या काडीचं टोक साबणाच्या पाण्यात बुडवून आणलं. मी नको म्हणणार होते. म्हणाले, “अगदी कडेला लाव. एकच थेंब.”

तिने श्वास रोखून काडी टेकवली. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. क्षणभर काहीच झालं नाही. मग डागाची ती कड हळूहळू लाल होत गेली.